अरुंद मूळ रिमवर रुंद ऑफ-रोड टायर: निवडीपासून फेरतपासणीपर्यंत

गाडीबरोबर आलेल्या ६ किंवा ७ इंची रिम तशाच ठेवून त्यांवर खोल खाचांचे रुंद ऑफ-रोड टायर बसवावेत, असा विचार नव्याने या छंदाकडे वळलेल्या बहुतेकांच्या मनात येतो, कारण टायरांवरच बराच खर्च होणार असतो आणि त्यात नव्या रिमची भर नको असते. विचारणा केली की टायर बसवणारा बहुधा ‘बसेल की’ असे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, कारण व्यास जुळला की बराच रुंद टायरही अरुंद रिमवर चढतो. तो रस्त्यावर कसा वागेल, किती तापेल आणि किती लवकर झिजेल, याचा विचार मात्र गाडीच्या मालकालाच करावा लागतो. हे सव्यापसव्य मी स्वतः केलेले आहे आणि त्यात सर्वाधिक वेळ टायर बसवण्यात नव्हे, तर योग्य आकडे गोळा करण्यात जातो, म्हणून हा लेख आकड्यांपासूनच सुरू होतो.

१. रिमची रुंदी टेपने मोजू नका, रिमवर वाचा

रिमची रुंदी म्हणजे टायरचे दोन्ही काठ रिमला आतून जिथे टेकतात, त्या दोन जागांमधले अंतर. बाहेरून टेप लावला तर दोन्ही कडांची जाडी त्यात मिसळते आणि आकडा साधारण १ इंचाने जास्त येतो. मग ६ इंची रिम ७ इंची समजली जाते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

त्यापेक्षा चाक काढून त्याची मागची बाजू पुसून घ्या. अलॉय रिमवर आऱ्यांच्या पाठीवर आणि लोखंडी रिमवर बहुधा मधल्या चकतीवर ‘१६×७ जे’ आणि ‘ईटी ३०’ अशा धर्तीचे आकडे उमटवलेले असतात. यांतला १६ हा व्यास आणि ७ ही रुंदी, दोन्ही इंचांत असतात. ‘जे’ हे रिमच्या कडेच्या आकाराचे चिन्ह आहे. ‘ईटी’ म्हणजे ऑफसेट, अर्थात चाक हबला (चाक ज्या भागाला बोल्टांनी जोडले जाते त्याला) जिथे टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, त्याचा आकडा. तो जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आत सरकलेले असते. हे सर्व आकडे लिहून ठेवा, कारण ते पुढे पुन्हा लागणार आहेत.

जुनी मालवाहू गाडी असेल तर आणखी एक खात्री करून घ्या. एके काळी १६.५ इंची रिमही वापरात होत्या. १६ इंची टायर जबरदस्तीने त्यांवर चढवता येतो, परंतु त्याचा काठ कधीही नीट बसत नाही आणि हवा भरता भरता टायर फुटून माणसे दगावलेली आहेत. अर्ध्या इंचाचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उमटवलेला आकडा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. टायरची मान्य रिम-रुंदी शोधा

प्रत्येक टायरसाठी उत्पादकाने रिमच्या रुंदीची एक किमान आणि एक कमाल मर्यादा ठरवलेली असते. अमेरिकेतील टीआरए, युरोपातील ईटीआरटीओ आणि जपानमधील जाटमा या संस्थांच्या मानकांवर या मर्यादा आधारलेल्या असतात आणि टायरच्या माहितीपत्रकात त्या छापलेल्या असतात. त्याच पत्रकात ‘मोजमापाची रिम’ असा आणखी एक आकडा असतो. टायरच्या नावात दिलेली रुंदी त्या विशिष्ट रिमवर बसवून मोजलेली असते. ‘२३५/७० आर १६’ या नावात २३५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७० ही साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या टक्केवारीत आणि १६ हा रिमचा इंचांतला व्यास असतो. ‘३१×१०.५०’ अशा नावात टायरचा व्यास आणि रुंदी इंचांत असतात, तर ‘एलटी’ ही हलक्या मालवाहू वापराच्या टायरांची खूण आहे. नेहमी आढळणाऱ्या काही मापांच्या मर्यादा सर्वसाधारणपणे अशा आहेत:

– २३५/७० आर १६: ६ ते ८ इंच, मोजमापाची रिम ७
– २४५/७० आर १६: ६.५ ते ८ इंच, मोजमापाची रिम ७
– २६५/७० आर १६: ७ ते ९ इंच, मोजमापाची रिम ८
– एलटी २३५/८५ आर १६: ६ ते ७.५ इंच, मोजमापाची रिम ६.५
– एलटी २८५/७५ आर १६: ७.५ ते ९ इंच, मोजमापाची रिम ८
– ३१×१०.५० आर १५: ७ ते ९ इंच, मोजमापाची रिम ८.५
– ३३×१२.५० आर १५: ८.५ ते ११ इंच, मोजमापाची रिम १०

तुम्ही घेणार असलेल्या टायरच्या पत्रकात यापेक्षा वेगळा आकडा असेल तर पत्रकातलाच प्रमाण माना.

या यादीवरून बऱ्याच शंका आपोआप मिटतात. तुमची रिम ७ इंची असेल तर २६५/७० आर १६ हा टायर मर्यादेच्या खालच्या टोकाला, पण मर्यादेच्या आत आहे. तो खुशाल घ्यावा. त्याच रुंदीच्या १५ इंची रिमवर ३३×१२.५० चा विचार सोडून द्यावा, कारण दीड इंचाची तूट कोणत्याही युक्तीने भरून निघत नाही. खरा वाद २८५/७५ आर १६ सारख्या मापांवरून होतो. ७ इंची रिमवर तो अर्ध्या इंचाने मर्यादेबाहेर जातो, तरीही तसा बसवलेला पुष्कळ गाड्यांवर दिसतो आणि त्या गाड्या चालतातही. माझे मत असे की, जी गाडी महामार्गावर वेगाने आणि भार घेऊन धावणार आहे तिच्यासाठी ही तडजोड करू नये. काही बिघडले तर टायरचा उत्पादक हमी नाकारू शकतो आणि विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते.

रिमची रुंदी कमी पडत असेल तर रुंद टायरऐवजी उंच टायराचा विचार करा. एलटी २३५/८५ आर १६ हा ६ इंची रिमवरही मान्य आहे आणि त्याचा व्यास सुमारे ८०६ मिमी भरतो, म्हणजे २६५/७० आर १६ च्या ७७७ मिमीपेक्षा अधिक. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा टायरच्या व्यासामुळे वाढते, रुंदीमुळे नाही, ही गोष्ट रुंद टायरांच्या रुबाबापुढे हमखास विसरली जाते. खडकाळ आणि चिखलाच्या वाटांवर अरुंद पण उंच टायर पुष्कळदा सरस ठरतो. मऊ वाळूवर मात्र रुंदीचा उपयोग होतो.

३. अरुंद रिमवर टायरचे काय होते, ते समजून घ्या

टायरच्या आतल्या काठाला, ज्यात पोलादी तारांचे कडे असते, बीड म्हणतात. रिम अरुंद असली की दोन्ही बीड एकमेकांच्या जवळ ओढले जातात आणि साइडवॉल तोंड आवळलेल्या पोत्यासारख्या दोन्ही बाजूंना फुगतात. त्याबरोबर रस्त्याला टेकणारा पट्टा, म्हणजे ट्रेड, सपाट न राहता मधोमध उंचावतो. यातून तीन परिणाम होतात. मधला भाग कडांपेक्षा लवकर झिजतो. वळणावर फुगलेली साइडवॉल आधी वाकते आणि मग टायर दिशा बदलतो, त्यामुळे स्टिअरिंग सैल झाल्यासारखे वाटते. आणि सतत जास्त वाकल्यामुळे साइडवॉल अधिक तापते. वेग, भार आणि कमी हवा यांची त्यात भर पडली तर टायर आतून निकामी होऊ शकतो.

रुंदीतही फरक पडतो. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने कमी-जास्त झाली की टायरची रुंदी सुमारे ५ मिमीने कमी-जास्त होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे २६५ मिमीचा टायर ८ ऐवजी ७ इंची रिमवर साधारण २५५ मिमीच भरेल. जेवढ्या रुंदीचे पैसे मोजले तेवढी मिळत नाही, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

अरुंद रिमची एक जमेची बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. वाळूत किंवा खडकांवर हवा कमी करून चालवताना बीड रिमवरून निसटण्याची भीती असते. मर्यादेच्या खालच्या टोकाच्या रिमवर बीड अधिक घट्ट राहतो आणि फुगलेली साइडवॉल रिमच्या कडेला दगडांपासून वाचवते. म्हणूनच अनेक जाणकार ऑफ-रोड चालक मुद्दाम अरुंद रिम वापरतात, पण मर्यादेच्या आत राहूनच.

४. गाडीत जागा आहे का, ते तपासा

आधी आकडेमोड करा. टायरचा व्यास काढण्यासाठी रुंदीला उंचीच्या टक्केवारीने गुणून त्याची दुप्पट करा आणि त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. यानुसार २३५/७० आर १६ चा व्यास सुमारे ७३५ मिमी आणि २६५/७० आर १६ चा सुमारे ७७७ मिमी येतो. त्रिज्येतला फरक २१ मिमी, आणि तेवढीच गाडी उचलली जाते. याउलट ७ इंची रिमवर रुंदी २३५ वरून प्रत्यक्षात २५५ पर्यंतच वाढत असल्याने प्रत्येक बाजूला जेमतेम १० मिमी वाढ होते. रुंद टायर घासतो तो पुष्कळदा रुंदीमुळे नव्हे, तर वाढलेल्या व्यासामुळे.

त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर, चिखलझडप, पुढच्या दाराच्या खालचा पत्र्याचा जोड, वरचा कंट्रोल आर्म आणि अँटी-रोल बार (चाकामागचे सस्पेन्शनचे भाग) आणि ब्रेकची नळी यांपासून सध्याच्या टायरचे अंतर मोजा आणि त्यातून वरची वाढ वजा करा. मूळ रिमचा ऑफसेट सहसा मोठा असल्यामुळे टायर आत ओढलेला राहतो. मडगार्डला घासण्याचा धोका त्यामुळे कमी होतो, मात्र आतल्या बाजूला कंट्रोल आर्म किंवा चौकट जवळ येते. सपाट जागेवर उभ्या गाडीत पुरेशी वाटणारी जागा स्प्रिंग दबल्यावर उरत नाही, म्हणून शक्य असल्यास एक चाक उंचवट्यावर चढवून, सस्पेन्शन दबलेल्या स्थितीतही हे मोजमाप घ्या.

आतली जागा कमी पडली की स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांमध्ये बसवायची चकती, लावण्याचा सल्ला लगेच मिळतो. स्पेसरमुळे चाक बाहेर जाते आणि बेअरिंग व बोल्टांवरचा ताण वाढतो. जागेसाठी स्पेसर लागत असेल, तर टायरचे मापच चुकले आहे असे मी समजतो.

५. भार, वेग आणि व्हॉल्व्ह

नव्या टायरचा भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. १०४ म्हणजे प्रत्येक टायरला ९०० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. वेगासाठी क्यू म्हणजे ताशी १६० किमी, एस म्हणजे १८० आणि टी म्हणजे १९०. चिखलासाठीचे टायर पुष्कळदा क्यू दर्जाचे असतात. ते मूळ टायरच्या दर्जापेक्षा खाली जात असतील तर त्याला परवानगी आहे का, हे आधी पाहा. रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते.

‘एलटी’ असे लिहिलेले टायर हलक्या मालवाहू वापरासाठी असतात आणि तोच भार पेलण्यासाठी त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. त्यामुळे व्हॉल्व्हकडे लक्ष द्यावे लागते. नेहमीचा रबरी, ओढून बसवायचा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) चालतो. ‘ई’ या भारश्रेणीच्या एलटी टायरची कमाल हवा बहुधा ८० पीएसआय असते. तेवढी हवा वापरणार असाल तर जास्त दाबाचा किंवा नटाने कसायचा धातूचा व्हॉल्व्ह घ्या. व्हॉल्व्ह कोणताही असो, टायर बदलताना तो नवाच बसवावा.

जुन्या लोखंडी रिम ट्यूबच्या टायरांसाठी बनवलेल्या असतील तर त्यांवर बीड अडवणारा उंचवटा नसतो. अशा रिमवर ट्यूबविना टायर बसवून कमी हवेत चालवणे धोक्याचे आहे.

६. कागद आणि साधने

– गाडीची मालक-पुस्तिका आणि दाराच्या चौकटीवरील टायर-माहितीच्या पट्टीचे छायाचित्र
– निवडलेल्या टायरचे उत्पादकाचे माहितीपत्रक, भार आणि दाबाच्या तक्त्यासह
– नोंदणीपत्र आणि विमापत्र. टायरचे माप बदलल्यावर ते कळवावे लागते का आणि किती फरक चालतो, हे जिथे गाडी नोंदवलेली आहे तिथल्या नियमांवर अवलंबून असते, म्हणून खरेदीपूर्वीच चौकशी करा
– विश्वासार्ह दाबमापक, टॉर्क पाना, जॅक, आधाराचे स्टँड, चाकाखाली लावायचे ठोकळे, मोजपट्टी आणि खडू

टायर रिमवर चढवण्याचे काम यंत्र असलेल्या दुकानातच करून घ्या. जाड साइडवॉलचे टायर हाताने पहारी लावून चढवताना बीड फाटण्याची शक्यता मोठी असते.

७. टायर बसवताना उभे राहून पाहण्याच्या गोष्टी

खरेदी करताना साइडवॉलवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा; पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे ‘२३२४’ हा टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. चारही टायरांच्या तारखा जवळपासच्या असाव्यात.

जुना टायर उतरल्यावर रिमवर बीड जिथे टेकतो ती जागा तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. गंज किंवा जुन्या रबराचे थर राहिले की हवा हळूहळू गळते आणि दोष उगाच नव्या टायरवर जातो. रिम वाकलेली किंवा तडकलेली असेल तर तिथेच थांबा. बीडला टायर बसवण्यासाठीचीच साबणयुक्त पेस्ट लावलेली असावी. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नका. ते रबर खराब करते आणि बीड रिमवर घसरत राहतो.

हवा भरताना टायरवर वाकून उभे राहू नका. नळी व्हॉल्व्हला चिमट्याने अडकवून दूर उभे राहावे आणि बीड जागेवर बसल्याचे दोन आवाज ऐकू यावेत. अरुंद रिमवर बीडला कमी अंतर सरकावे लागत असल्याने हे काम सहसा सहज होते. तरीही ४० पीएसआयपर्यंत बीड बसला नाही तर हवा पूर्ण सोडून, पेस्ट पुन्हा लावून नव्याने प्रयत्न करावा. ही ४० पीएसआयची सूचना अनेक टायरांच्या साइडवॉलवरच कोरलेली असते. ज्वलनशील फवारा मारून काडी लावण्याचे प्रकार चलचित्रांत रंजक दिसतात, पण तसे करणाऱ्याच्या हाती टायर देऊ नका.

बीड बसल्यावर साइडवॉलच्या तळाशी गोलाकार उमटलेली बारीक रेषा पाहा. रिमच्या कडेपासून तिचे अंतर दोन्ही बाजूंनी सर्वत्र सारखे हवे. एखाद्या ठिकाणी ती रिमखाली गेलेली दिसली तर तिथे बीड बसलेला नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वजनाने हलका भाग असतो आणि व्हॉल्व्हजवळ आणावा. त्यानंतर यंत्रावर दोन्ही बाजूंचे बॅलन्सिंग करून घ्या. रिमवर वजनांची रांगच लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. पुष्कळदा वजन निम्म्यावर येते.

चाक गाडीला लावताना नट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्यापर्यंत कसा. हवेच्या बंदुकीने कसलेले नट किती घट्ट झाले आहेत, ते कसणाऱ्यालाही ठाऊक नसते.

८. हवेचा दाब ठरवा

दाराच्या पट्टीवरील दाब मूळ टायरसाठी असतो, तर साइडवॉलवरील आकडा हा कमाल दाब असतो. यांपैकी एकही जसाच्या तसा वापरू नये. माहितीपत्रकातील तक्त्यावरून तुमच्या गाडीच्या प्रत्यक्ष भाराला लागणारा किमान दाब काढा. त्याच्या खाली रस्त्यावर कधीही जायचे नाही.

मग ट्रेडवर आडवी, जाड खडूची रेघ ओढा, सपाट डांबरी रस्त्यावर थोडे अंतर सरळ चालवा आणि रेघ कुठे पुसली ते पाहा. मधोमधच पुसली असेल तर दाब २-२ पीएसआयने कमी करून पुन्हा पाहा. अरुंद रिमवरची मोठी मेख इथेच आहे: मधला फुगवटा हवेमुळे नव्हे, तर रिममुळे आलेला असल्याने रेघ पूर्ण रुंदीत पुसली जाईपर्यंत हवा काढत गेलात, तर दाब किमान मर्यादेच्या खाली कधी गेला ते कळणारही नाही. किमान दाबावरही कडांची रेघ शिल्लक राहत असेल तर ती तशीच राहू द्या आणि मधली थोडी जास्त झीज स्वीकारा.

आणखी एक उपयुक्त ठोकताळा असा: थंड टायरचा दाब नोंदवून अर्धा-पाऊण तास महामार्गाच्या वेगाने चालवा आणि लगेच पुन्हा मोजा. साध्या टायरमध्ये सुमारे ४ आणि एलटीमध्ये सुमारे ६ पीएसआयपेक्षा जास्त वाढ झाली, तर टायर जास्त तापतो आहे, म्हणजे सुरुवातीचा दाब कमी होता.

वाळूसाठी हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे. रिमने आधीच वाकवलेली साइडवॉल कमी हवेत वेगाने पळवणे फार जोखमीचे आहे, म्हणून छोटा कंप्रेसर गाडीत कायम ठेवा.

९. पहिले काही शंभर किलोमीटर आणि स्टेपनी

साधारण ५० ते १०० किमी झाल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि कंट्रोल आर्मवर घासल्याच्या चकाकत्या खुणा शोधा. व्हील अलाइनमेंट याच सुमारास करून घ्या.

वर घेतलेल्या उदाहरणात व्यास सुमारे ५.७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे स्पीडोमीटर आधी अचूक असेल, तर तो ताशी १०० दाखवताना गाडी सुमारे १०५.७ किमी वेगाने धावत असेल. बहुतेक स्पीडोमीटर कारखान्यातूनच थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्ष तफावत बरीच कमी असू शकते. जीपीएसवर पडताळून पाहा आणि ती लक्षात ठेवा. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होईल, तेव्हा सर्व्हिसिंगचे अंतर मोजताना आणि इंधनाचा हिशेब करताना तेवढी भर घाला. जड टायरांमुळे गाडीचा उठाव मंदावतो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, म्हणून सुरुवातीला पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा लांब राहा.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या. चारही चाकांना शक्ती जात असताना एका चाकाचा व्यास वेगळा असेल तर गिअर आणि डिफरन्शियलवर सतत ताण येतो, आणि सदैव चारही चाके चालणाऱ्या गाड्यांमध्ये हे नुकसान लवकर होते. पाचवा टायर घेणे तूर्त शक्य नसेल, तर जुन्या मापाची स्टेपनी फक्त दोन चाकांवर चालवताना, शक्ती न जाणाऱ्या आसाला लावून, हळू वेगाने जवळच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतीच वापरा. नवा टायर स्टेपनीच्या मूळ जागेत, गाडीखाली किंवा मागच्या दारावर, मावतो का आणि दाराच्या बिजागऱ्या वाढलेले वजन पेलतील का, हे टायर विकत घेण्यापूर्वीच पाहून ठेवा.